चार रंगांची धातूची बॉलपेनं : इंदूरच्या संग्रहाच्या नोंदी

९ मार्च २०२५

आजपासून संग्रहाचं रीतसर दप्तर सुरू. पेनं डब्यात आणि माहिती डोक्यात, ही वाटणी यापुढे चालायची नाही. प्रत्येक पेनाला एक कार्ड. त्यावर क्रमांक, लांबी, वजन, ठसा, यंत्रणा, मूळ रिफिल आहे की नाही, पेन कुणाकडून आलं. सगळ्यात शेवटी एक मोठा रकाना: ‘कुठला रंग कशासाठी वापरला?’ हा रकाना माझ्यासाठी बाकीच्या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा.

याचं कारण माझ्या कामात आहे. मी लेखापरीक्षणाच्या कचेरीत शिकले. तिथे टिक करण्यालाही रंग होता. व्हाउचर पाहिलं की लाल, बेरीज पडताळली की हिरवी, खतावणी जुळली की निळी. अशिलाचा मुनीम ज्या शाईने लिहितो ती शाई आम्ही वापरायची नाही, म्हणजे मागाहून कुणी टिक घुसवली तर लगेच ओळखू येते. आमच्या वरिष्ठांच्या खिशात एक जाड, चकचकीत, चार रंगांचं पेन असायचं. रंग बदलताना त्याचा टक् असा आवाज यायचा आणि तो ऐकून आम्हाला कळायचं की साहेब आता बेरजांवर आले.

मर्यादा अशा: अंग धातूचं हवं, रंग किमान दोन हवेत, आणि घडण जुनी हवी. बिक कंपनीचं प्लास्टिकचं चाररंगी पेन १९७० मध्ये आलं आणि चार रंग म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढे तेच येऊ लागलं. ते पेन चांगलंच आहे. तुलनेसाठी एक ठेवलंय, पण त्याला कार्ड नाही.

आणि एक नियम. कार्डावर चढायचं तर पेनातले सगळे रंग कागदावर उतरले पाहिजेत. तीन चालतात, चौथा अडकतो, हे चालणार नाही.

१६ मार्च

रविवार. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरून यंत्रणेप्रमाणे गट पाडले. तीन जाती निघाल्या.

पहिली सरकत्या बटणांची. वरच्या टोकाजवळ उभ्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक बटण, त्यावर रंगाचा ठिपका. बटण खाली सरकवलं की त्याची कांडी रिफिल पुढे ढकलते आणि बटणाचा दात आतल्या कडेला अडकतो. दुसरं बटण सरकवलं की पहिल्याचा दात सुटतो आणि स्प्रिंग त्याला वर ओढून घेते. सोपी, दणकट, दिसायला प्रामाणिक यंत्रणा. आत काय चाललंय ते बाहेरून समजतं.

दुसरी पिळाची. नळीचा वरचा भाग फिरवायचा. आत तिरकस कापलेली नळी असते. तिचा उंच काठ ज्या कांडीवर येतो ती कांडी पुढे जाते. हात सगळ्यात कमी लागतो, पण हवा तो रंग गाठायला कधी कधी सगळा फेरा मारावा लागतो.

तिसरी वजनाची, आणि माझा जीव हिच्यावर आहे. बाहेर बटणं नाहीत, वर फक्त एक खटका. अंगावर चार बाजूंना चार रंगखुणा. जो रंग हवा त्याची खूण आकाशाकडे करून पेन आडवं धरायचं आणि खटका दाबायचा. तोच रंग बाहेर. आत एक लोंबता तुकडा असतो. पेन आडवं झालं की तो आपल्या वजनाने खाली झुकतो आणि त्यामुळे खटक्याचा जोर नेमका वरच्या बाजूच्या कांडीवर जातो. ना वीज, ना दातेरी चाकं. पृथ्वीची ओढ तेवढी वापरलेली. हे ज्याने पहिल्यांदा जुळवलं त्याच्यापुढे मी मनापासून हात जोडते.

ही सगळी युक्ती बॉलपेनाच्या आधीची आहे. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या नॉर्मा कंपनीच्या चाररंगी पेन्सिली बाजारात होत्या. सरकती बटणं, धातूचं अंग आणि आत रंगीत शिसं. तेव्हाच्या अशा शिशाची नेहमीची जाडी १.१८ मिमी. जर्मनीत फोर्टसहाइमला, जिथे सोनारकाम आणि घड्याळं हा गावाचाच धंदा, फेंड या घराण्याने तशा पेन्सिली केल्या. बॉलपेन आलं तेव्हा घर तयारच होतं, फक्त भाडेकरू बदलला.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी खजुरी बाजार. एका जुन्या स्टेशनरीवाल्याने फळीमागून धुळीने माखलेलं तीन रंगांचं सरकत्या बटणांचं पेन काढून दिलं. ठसा नाही, क्लिप वाकलेली, पण तीनही बटणं कडक. त्यांनी पैसे घेताना विचारलं, “ताई, याची रिफिल कुठे मिळणार?” प्रश्न खराच. पुढची नोंद त्यावर.

५ एप्रिल

रिफिल. या छंदात लोक दमतात ते इथेच.

चांगली गोष्ट अशी की बारीक धातूच्या रिफिलचं एक माप पुढे जगभर रुळलं. त्याला डी-वन म्हणतात. लांबी ६७ मिमी, जाडी २.३५ मिमी. आजही जपानी, जर्मन, स्विस कंपन्या या मापात रिफिल काढतात. निळी, काळी, लाल सहज मिळते. हिरवी मागवावी लागते. इंदुरात मी मुद्दाम विचारत फिरते, पण हिरव्याचं नाव काढलं की बहुतेक दुकानदार मान हलवतात.

नळी इतकी बारीक का, याचा आज कागदावर हिशेब केला. २.३५ मिमीच्या तीन नळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या तर सुमारे ५.१ मिमी व्यासाची जागा लागते. चार केल्या तर ५.७. त्यावर स्प्रिंगा, कांड्या, थोडी मोकळीक आणि बाहेरची धातूची भिंत. म्हणजे पेन बोटांत मावायचं तर रिफिलला जाड होण्याची मुभाच नाही. आणि शाई कमी मावते म्हणून ती लवकर संपते. चार रंगांची ही किंमत आहे आणि ती मोजावीच लागते.

दुसरी अडचण भोकाची. रिफिली चार, पण बाहेर पडायचं भोक एकच, तेही मधोमध. प्रत्येक रिफिल आपल्या कोपऱ्यातून तिरकी होऊन मध्याकडे येते. म्हणून पुढचं शंकूसारखं टोक जितकं लांब, तितका हा कल सौम्य आणि लिहिणं मऊ. आखूड टोकाच्या पेनात रिफिल भोकाच्या कडेला घासते, आणि वर्षानुवर्षं घासून पितळी भोक लांबट होतं. मग लिहिताना टोक हलतं. नवीन पेन हातात आलं की मी भिंगातून आधी भोक पाहते. गोल असेल तर बाकी सगळं दुरुस्त होतं.

फार जुन्या पेनांत माप वेगळं निघतं. डी-वन लांब पडत असेल तर मागच्या, शाई नसलेल्या बाजूने कापायची. पक्कड किंवा कात्री लावायची नाही, नळी चपटते. बारीक कानशीने गोल फिरवत खाच पाडायची आणि हलकेच मोडायची. काठावरची किसळ काढायची. आखूड पडत असेल तर मागे पोकळ नळीचा तुकडा जोडायचा. कान साफ करायच्या काडीची प्लास्टिक नळी कधी कधी अगदी बरोबर बसते. फक्त ती बंद नको. शाई पुढे सरकते तशी मागून हवा आत यावी लागते. मागचं तोंड बुजलं तर भरलेली रिफिलसुद्धा दोन ओळींत मुकी होते.

जुनी रिफिल मी टाकत नाही. काचेच्या छोट्या नळीत घालून, कार्डाचा क्रमांक चिकटवून ठेवते. काही संग्राहकांचं म्हणणं असतं की मूळ रिफिल पेनातच असू द्यावी, तेच खरं जतन. मला ते पटत नाही. वाळलेली रिफिल पेनाच्या आत ठेवली तर उरलीसुरली शाई झिरपून कांडी चिकटते आणि पितळ हिरवं पडतं. वेगळी ठेवली तर दोन्ही वाचतात.

१९ एप्रिल

रामबागेतल्या एका काकांकडे गेले होते. वय नव्वदीच्या घरात. हुकुमचंद मिलच्या डिझाइन खात्यात होते. मिल १९९१ मध्ये बंद पडली त्याच्या आधीच ते निवृत्त झालेले. काकूंनी आधी चहा आणि शेव पुढे केली, मग आतून कपाटातला पत्र्याचा डबा आणला. डब्यात चार रंगांचं, क्रोम चढवलेलं, सरकत्या बटणांचं पेन. क्लिपखाली बारीक अक्षरात ‘वेस्ट जर्मनी’.

काकांनी वही मागितली. हात थरथरत होता, पण चौकटी एकसारख्या. कापडाचं डिझाइन चौकटीच्या कागदावर काढतात, हे मला ऐकून माहीत होतं. त्यांनी करून दाखवलं. भरलेली चौकट म्हणजे उभा धागा वर, रिकामी म्हणजे आडवा धागा वर. साधी वीण काळ्याने. किनारीचे धागे लालने. जिथे वीण बदलते ती जागा निळ्याने. “आणि हिरवा?” मी विचारलं.

“हिरवा चुकीला,” काका म्हणाले. “मागावर गेल्यावर जे बदलावं लागलं ते हिरव्याने. म्हणजे पुढच्या वेळी कागद काढला की आधी हिरवं बघायचं.”

कार्डावर हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं. पेन त्यांनी दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही. वजन, लांबी आणि फोटो घेतले, नव्या रिफिली बसवून दिल्या. माझ्या संग्रहात या पेनाचं फक्त कार्ड असेल. तरी क्रमांक पूर्ण द्यायचा ठरवलंय. पेन कुणाच्या कपाटात राहतं त्याने फरक पडत नाही.

८ मे

वजनाच्या जातीचं एक पेन आलं. चांदीसारखं दिसणारं, अंगावर उभ्या रेघांची नक्षी. निळी खूण वर केली तरी लाल बाहेर, लाल केली तरी लाल, काळी केली तरी लालच. विकणाऱ्याच्या मते यंत्रणा मोडली होती.

यंत्रणा मोडत नाही, ती चिकटते. लोंबता तुकडा हलायचा थांबला की ज्या जागी अडला तोच रंग कायमचा. राजवाड्यामागच्या गल्लीतले घड्याळजी माझे या कामातले गुरू आहेत. त्यांनी नळी कानाशी धरून हलवली. निरोगी पेनातून बारीक खुळखुळ ऐकू येते. इथे काहीच नाही. ते म्हणाले, “किसी ने तेल डाला है.” उघडून पाहिलं तर खरंच. कुणीतरी भल्या मनाने शिवणयंत्राचं तेल सोडलेलं. ते वर्षानुवर्षं धूळ ओढत डिंकासारखं झालेलं.

उघडणं हाच मोठा भाग होता. आटे पितळी, म्हणजे मऊ. पकडीने धरलं तर नक्षीवर कायमचे ओरखडे. केस वाळवायच्या यंत्राने जोडाजवळ गरम हवा दिली, दोन्ही हातांत रबराचे तुकडे घेतले आणि सावकाश पिळलं. सुटलं नाही म्हणून पुन्हा गरम केलं. घाई करायची नाही हा घड्याळजींचा पहिला धडा. ते वेळही घाई न करता सांगतात.

मग व्हाइट पेट्रोलमध्ये आतला भाग बुडवला. घड्याळं धुतात तेच. मऊ ब्रशने झटकलं, पुन्हा बुडवलं, वाळवलं. लोंबता तुकडा सुटला. पेन आडवं करून फिरवलं की तो प्रत्येक वेळी खाली येतो, अगदी निमूट. निळी खूण वर, खटका, निळा. हिरवी खूण वर, हिरवा. मी आणि घड्याळजी दोघंही आळीपाळीने रंग काढत बसलो, गिऱ्हाईक येईपर्यंत.

पुढच्यांसाठी ठळक नोंद: वजनाच्या यंत्रणेत तेल कधीही घालायचं नाही. थेंबभरसुद्धा नाही. ती कोरडीच चालते. फार वाटलं तर मऊ पेन्सिलीच्या शिशाची चिमूटभर पूड खटक्याच्या दांड्याला, लोंबत्या भागाला नाही.

२५ मे

उकाडा भयंकर. घरात बसून ठसे वाचले.

जर्मन वस्तूवर ‘डी.आर.जी.एम.’ असेल तर ती १९४५ पर्यंतच्या जुन्या जर्मन राज्यातल्या नोंदणीची खूण. ही नोंदणी १८९१ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालली. ‘डी.बी.जी.एम.’ असेल तर १९४९ नंतरच्या संघराज्याची. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. जपानी वस्तूवर ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४७ ते १९५२. एवढ्यावर काळाचा ढोबळ अंदाज येतो.

यातून एक उपयोगी तर्क निघतो. लास्लो बिरोने आपल्या बॉलपेनाचं पेटंट १९३८ मध्ये मागितलं. न्यूयॉर्कच्या गिंबेल्स दुकानात रेनॉल्ड्सचं पेन विक्रीला आलं २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, साडेबारा डॉलरला. म्हणजे ‘डी.आर.जी.एम.’ ठसा असलेली चाररंगी वस्तू कुणी जुनं बॉलपेन म्हणून दाखवली, तर ती जवळजवळ नक्की पेन्सिल म्हणून जन्मलेली आहे. अशा दोन माझ्याकडे आहेत. त्या वेगळ्या डब्यात गेल्या. त्या आजोबा आहेत, नातवंडांच्या रांगेत बसवायला नकोत.

आपल्याकडे ही पेनं आली कशी, हेही ठशावरून आणि घरच्या गोष्टींवरून उलगडतं. त्या काळात अशा चैनीच्या वस्तूंची सरळ आयात जवळजवळ बंदच होती. म्हणून प्रत्येक पेनामागे एक प्रवास असतो. कुणी प्रशिक्षणाला जर्मनीला गेलेलं, कुणाचा भाऊ जहाजावर, कुणाचा जावई आखातात. बाजारातून आलेल्या पेनाला हा प्रवास नसतो आणि त्याच्या कार्डावर तेवढी जागा कोरी राहते. कोरीच ठेवते. अंदाजाने भरत नाही.

२९ जून

पाऊस लागला. साठवण बदलली.

काही जुन्या पेनांच्या बटणांवरचे रंगीत मणी सेल्युलॉइडचे असतात. नखाने घासलं तर कापराचा वास येतो. हे सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचा धातू खाते. बंद प्लास्टिक पिशवीत ठेवलं तर आणखी लवकर. म्हणून ही पेनं आता उघड्या कागदी खोक्यात, इतरांपासून लांब. शाईचे डाग काढायला स्पिरिट उत्तम, पण या मण्यांना ते लागू द्यायचं नाही, ते मऊ पडतात. ॲसिटोन तर घरातही नको.

चांदीच्या पेनांना रबरबँड बांधायचं नाही. रबरातलं गंधक चांदी काळी करतं आणि बँड होता तिथे पट्टा उमटतो. मऊ, चकचकीत प्लास्टिकची पाकिटंही काढून टाकली. त्यांच्या जागी धुवून धुवून मऊ झालेलं सुती कापड आणि प्रत्येक डब्यात सिलिका जेलची पुडी. आईच्या जुन्या नऊवारीचा सुती तुकडा या कामी आला.

२० जुलै

आमचे एक आतेभाऊ देवासच्या बँक नोट प्रेसमधून निवृत्त झाले. तिथे शाईचा कारखानाही आहे. दादांनी नोटांच्या शाईबद्दल एक शब्दही सांगितला नाही आणि तो मी विचारलाही नाही. पण शाई म्हणजे काय हे त्यांच्याइतकं नीट मला कुणी समजावलं नव्हतं.

बॉलपेनची शाई पाण्याची नसते. रंग, राळ आणि सावकाश उडणारं द्रावक यांचं ते दाट मिश्रण. टोकाचा गोळा फिरतो तसा तो आतून शाईचा पातळ थर घेऊन बाहेर येतो. गोळा बहुधा टंगस्टन कार्बाइडचा, व्यास मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. शाई फार पातळ असेल तर झिरपेल, फार दाट असेल तर गोळा कोरडा फिरेल. सुरुवातीच्या शाया तेलकट होत्या. १९५० च्या सुमारास ग्लायकोल वापरलेल्या शाया आल्या आणि लिहिणं सुधारलं. १९५० च्या दशकातच कॉपर थॅलोसायनिन हा निळा रंग शाईत आला आणि तो उजेडात टिकतो. त्याआधीचे अनेक जांभळे-निळे रंग उन्हात विटतात.

हे ऐकून दादांच्या समोरच नमुन्याच्या कागदाची रीत बदलली. प्रत्येक पेनाचे सगळे रंग एका जाड कागदावर, तारीख आणि रिफिलच्या नावासह, पण दोन प्रती. एक फाईलमध्ये अंधारात, एक खिडकीच्या काचेला. वर्षानंतर दोन्ही शेजारी ठेवून पाहायच्या. दादा म्हणाले, लाल सगळ्यात आधी जाईल. पाहू.

१७ ऑगस्ट

लोकमान्य नगरातल्या एका मावशींची भेट. सरकारी रुग्णालयात सिस्टर होत्या. त्यांचं पेन तीन रंगांचं, बारीक, पिळाचं. क्लिप नाही, वर साखळीसाठी कडी. त्यांनी ते गळ्यात घालून दाखवलं.

रकान्यात हे लिहिलं: दिवसपाळीची नोंद निळी, संध्याकाळची हिरवी, रात्रीची लाल. त्यामुळे डॉक्टर सकाळी राउंडला आले की पान न वाचताही कळायचं, रात्री काय काय झालं. ज्या रुग्णाच्या कागदावर लाल जास्त, त्याच्यापाशी ते आधी थांबायचे. मावशी म्हणाल्या, “माझ्या हातून लाल कमी लिहिली जावी, अशी मी रोज रात्री देवाजवळ मागायचे.”

पेनाचा पिळ घट्ट झाला होता. आत पाहिलं तर तिरक्या नळीच्या काठावर कळंक चढलेला. व्हाइट पेट्रोल, कापूस, लाकडी काडीचं टोक. तासाभरात मोकळं झालं. त्यांनी स्वतः तिन्ही रंगांत आपलं नाव लिहिलं आणि तो कागद मला दिला. पेनही दिलं. मी नको म्हटलं तर रागावल्या. “ठेव गं. माझ्या सुना हे फेकतील, तू लिहशील तरी.”

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

आज रात्री मिलांच्या झाक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघणार, म्हणून राजवाड्याकडचे रस्ते दुपारपासूनच बंद. घरी बसून चकाकी देण्याचं काम. थोडक्यात: क्रोमचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो, खाली निकेल, त्याखाली पितळ. पितळेची भांडी घासायची पेस्ट किंवा चिंच लावली तर चमक येते ती थर खाऊन. ओलं मऊ कापड, लगेच कोरडं कापड, बस. जिथे थर झिजून पितळ दिसतं तिथे ते दिसू द्यायचं. बोट नेमकं कुठे टेकायचं हे त्या जागेवरून कळतं. पुन्हा मुलामा द्यायला मी ठाम विरोधात आहे. काकांच्या पेनावर लाल बटणाशेजारी अंगठ्याएवढं पितळ उघडं आहे. ते झाकणारा कारागीर कितीही कुशल असला तरी नको.

२८ सप्टेंबर

सराफ्यातल्या एका ओळखीच्यांनी निरोप दिला म्हणून गेले. सोन्याच्या पत्र्याचं चाररंगी पेन, बारीक जवाच्या दाण्यांची नक्षी, डोळ्यांत भरेल असं. किंमत सोन्याच्या हिशेबाने सांगितली. कडांना पितळ दिसत नव्हतं, म्हणजे थर चांगला जाड. कसोटीच्या दगडावर घासायला मी मना केलं, त्यांनीही ऐकलं.

उघडून पाहिलं. आतली यंत्रणा काढून टाकलेली. तिच्या जागी एक साधी रिफिल, मागे लाकडी खुंटी. बटणं सरकत होती, पण कशालाच जोडलेली नव्हती. फार वाईट वाटलं. कुणीतरी यातल्या एका बिघडलेल्या स्प्रिंगसाठी चारही कांड्या फेकल्या असणार. मी पेन घेतलं नाही. त्या पैशांत चार क्रोमची, साधी, चालणारी पेनं येतात, आणि त्या चारांच्या मागे चार माणसं असतात. सराफ म्हणाले, “ताई, कपाटात ठेवलं तर कोण उघडून बघतंय?” मी बघते.

१२ ऑक्टोबर

दिवाळीची आवराआवर सगळ्यांकडे सुरू, त्यामुळे फोन येतायत. जुन्या कंपासपेट्या, चष्म्याची घरं, शिवणाचे डबे: पेनं तिथेच सापडतात. पळशीकर कॉलनीतून एका शाळेतल्या बाईंच्या मुलाने पेन आणून दिलं. निळं, लाल, हिरवं. निळं शाळेला, लाल उत्तरपत्रिकेला. हिरवं कशाला, हे मुलाला माहीत नाही. तो म्हणाला, थोरल्या बहिणीला विचारून कळवतो. ती बडोद्याला असते.

या पेनाची हिरव्याची स्प्रिंग गंजून तुटलेली. पोलादी तार, बाकी दोन शाबूत. स्प्रिंग उगाच कुठली तरी घालून भागत नाही. जास्त कडक घातली तर दात कडेवर टिकत नाही, लिहितानाच रंग आत पळतो. जास्त मऊ घातली तर परत येत नाही आणि पुढच्या रंगाशी भोकात भांडते. शाबूत स्प्रिंगेचे वेढे मोजले, तारेची जाडी मायक्रोमीटरने घेतली, मोकळी लांबी लिहिली. घड्याळजींकडे जुन्या सुट्या भागांची बरणी आहे, त्यात जुळणारी मिळाली. फक्त दोन वेढे जास्त होते, ते कापून टोक सपाट केलं. बसवली. हिरवं खाली जातं, थांबतं, लाल दाबलं की झटकन वर येतं.

हिरव्या रिफिलींची मागणी पाठवली आहे. आल्या की आधी हे पेन, मग मार्चमधलं खजुरी बाजारचं.

१९ ऑक्टोबर

बडोद्याहून ताईंचा फोन आला. त्यांच्या आई पालकांना द्यायच्या चिठ्ठ्या हिरव्याने लिहीत. लाल पाहिलं की मुलाला घरी मार बसतो, म्हणून. रकाना पूर्ण. रिफिली अजून वाटेत आहेत.